आजोबांनी पाहिलेली इटली
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी 'दक्षिण युरोपातील प्रवास' या विषयावर चार शब्द बोलण्याची सूचना केली, ती आम्ही मान्य केली खरी. परंतु आरंभीच एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. रोम, व्हेनिस आणि फ्लॉरेन्स यांचे वर्णन ऐकण्याच्या इच्छेने जे येथे आले असतील, त्यांची निराशा होणार आहे. पुण्याहून निघणाऱ्या सहलींची वेळापत्रके आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. दहा-बारा दिवसांत पाच-सहा देश, मध्यंतरी पिसाच्या कललेल्या मनोऱ्यास हाताचा टेकू दिल्याचे छायाचित्र, आणि रात्री भारतीय भोजनगृहात पनीर. त्या मार्गाने जाणाऱ्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. आमच्या सौभाग्यवती तर अद्याप म्हणतात की, इतक्या दूर जाऊन व्हेनिस न पाहता परतणारे जगात आपणच! तथापि २०२४ सालच्या मे महिन्यात आम्ही उभयता इटलीत तीन आठवडे होतो, आणि ते सगळे दिवस आब्रुत्सो, उंब्रिया व रोमान्या या तीन प्रदेशांत घालविले. रोममध्ये केवळ एक रात्र काढली, तीही आगगाडी बदलण्यासाठी.

इटलीचा आकार गुडघाबुटासारखा आहे, हे आपण शाळेत शिकलो. त्या बुटाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत अपेनाइन पर्वताची रांग गेली आहे. तो त्या देशाचा सह्याद्रीच म्हणावयास हरकत नाही. त्याच्या पूर्वेस, आड्रियाटिक समुद्राच्या काठी आब्रुत्सो. मधल्या डोंगराळ भागात उंब्रिया, ज्यास समुद्रकिनाराही नाही आणि परदेशाची सीमाही नाही. आणि ईशान्येस, पर्वत उतरून सपाटी लागते तेथे रोमान्या. परदेशी प्रवाशांची गर्दी या भागांत अद्याप बेताची आहे. मग हेच तीन का निवडले, या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरातील एका पत्र्याच्या ट्रंकेत होते.

दुसऱ्या महायुद्धात अविभक्त हिंदुस्थानचे पन्नास हजारांहून अधिक सैनिक इटलीत लढले. चौथे, आठवे व दहावे अशी आपली तीन डिव्हिजने तेथे होती. ५,७८२ जण परत आले नाहीत. त्या रणांगणावर देण्यात आलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी सहा हिंदी सैनिकांनी मिळविले, आणि त्या सहांपैकी दोन मराठा पलटणींचे. आमचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. ते १९८६ साली वारले. युद्धाविषयी ते कधी बोलत नसत. ट्रंकेत एक पदक होते, त्याच्या फितीवर तांबडा, पांढरा व हिरवा असे इटलीच्या झेंड्याचे रंग. आणि त्यांच्या तोंडी एक शब्द होता, त्यावर आमचे सगळे बालपण हसण्यात गेले.

दुपारी ताटे मांडून झाली की आजोबा ओसरीवरून हाक देत: "मांजरे!" आम्ही सात-आठ नातवंडे म्याव म्याव करीत पंगतीस बसत असू. आमची समजूत अशी की, आजोबा आम्हांस मांजरे म्हणतात. शेजारची मुलेही ही गंमत पाहावयास येत. पुष्कळ वर्षांनी कोणीतरी सांगितले की, 'मान्जारे' हा इटालियन शब्द असून त्याचा अर्थ 'खाणे' असा आहे. आम्ही म्हटले, बरे झाले, आजोबा चार शब्द शिकून आले! एवढ्यावर आम्ही तो विषय मिटविला.

आता दुसरी कबुली, आणि ही अधिक कठीण. आपल्या मंडळाच्या एका जुन्या स्मरणिकेत 'आपले वीर' या मथळ्याखाली आजोबांचे छायाचित्र छापलेले आहे. त्याखालील मजकूर आम्हीच लिहून दिला होता. 'शत्रूच्या तोफांना छातीचा कोट करून तोंड देणारा शूर शिपाई' अशी काहीशी त्याची भाषा होती. २०२३ च्या जुलै महिन्यात उंब्रियातील मोन्तोने या गावी नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मारकाचे अनावरण झाले, ती वार्ता वर्तमानपत्रांत आली, आणि आमच्या पुतण्याने विचारले, "आजोबा तेथे होते का?" म्हणून ट्रंक उघडली. नोकरीचे जीर्ण पुस्तक प्रथमच नीट वाचले. त्यात हुद्द्याच्या जागी एकच शब्द होता: कुक. आजोबा पलटणीचे लांगरी होते. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, झारा होता.

आमच्या आत्याबाई नव्वदीच्या घरात आहेत. त्यांस विचारले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्हां सगळ्यांना ठाऊक होते. तुझ्या बापाच्या सोयरिकीच्या वेळी बैठकीत कोणीतरी 'पलटणीत शिपाई होते' असे बोलून गेले, आणि मग ते तसेच राहिले. लांगरी म्हटले असते तर तुझी आई या घरात आली नसती." ज्ञातीच्या व्यासपीठावर ही गोष्ट सांगावी की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. परंतु सोयरिकी जुळविताना अशी किती घरांत किती हुद्दे बदलले गेले असतील, याचा अंदाज येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस आमच्यापेक्षा अधिक असेल.

ज्या मार्गाने ती पलटण गेली, त्या मार्गाने आपणही जावे, आणि लांगऱ्याच्या दृष्टीने जावे, असे आमच्या मनाने घेतले. सेनापतींचे नकाशे पुष्कळ छापलेले आहेत. पाणी कोठे मिळाले, सरपण कोठले, पीठ कसले, हे त्यांत नसते.

आठवे डिव्हिजन १९४३ च्या सप्टेंबरमध्ये तारान्तो बंदरात उतरले आणि पूर्व किनाऱ्याने उत्तरेस चालू लागले. नोव्हेंबरात ते आब्रुत्सोमधील सांग्रो नदीवर पोहोचले तेव्हा पाऊस असा लागला होता की, नदीस पूर येऊन पूल वाहून गेले आणि चिखलात मोटारी रुतल्या. आम्ही गेलो तेव्हा ऊन होते, शेते हिरवी होती आणि नदी एखाद्या ओढ्यासारखी वाटली. पश्चिमेस मायेल्ला पर्वत. त्याचे अत्युच्च शिखर २,७९३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजार मीटरांहून अधिक उंच. मे महिन्यातही त्यावर बर्फ होते, आणि पाठ फिरविली की समुद्र दिसत होता. अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहून डोंगरमाथ्यावर बर्फ पाहण्याची कल्पना करावी, म्हणजे या प्रदेशाचे चित्र डोळ्यांपुढे येईल.

या आब्रुत्सोत एक गोष्ट अशी पाहिली की, पुणेकरास ती ओळखीची वाटावी. येथील मेंढपाळ शतकानुशतके शरद ऋतूत डोंगर उतरून दक्षिणेस पुलियाच्या मैदानात जात आणि मे महिन्यात परतत. त्यांच्यासाठी गवताचे राजमार्ग राखलेले असत. त्यांस 'त्रात्तुरो' म्हणतात. लाक्विला ते फोज्जा हा त्यांतील सर्वांत मोठा, २४४ किलोमीटरांचा, आणि रुंदी १११ मीटर! एवढा रुंद रस्ता माणसांसाठी आपण अद्याप पुण्यात बांधलेला नाही. १४४७ साली आरागोनच्या आल्फोन्सो राजाने या मेंढरांवर जकात बसविली आणि त्या उत्पन्नासाठी स्वतंत्र खाते काढले. आपल्याकडील धनगर पावसाळा पूर्वेकडील कोरड्या मुलखात काढून दिवाळीनंतर घाट उतरतात; वाटेत शेतकरी आपल्या शेतात मेंढरे बसवून घेतो आणि बदल्यात धान्य देतो. ग्युंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने पुण्यास राहून धनगरांचा व त्यांच्या देवांचा अभ्यास केला, हे आपणांपैकी काहींस स्मरत असेल. २०१९ साली युनेस्कोने मेंढपाळांच्या या स्थलांतरास इटली, ऑस्ट्रिया व ग्रीस यांच्या नावे सांस्कृतिक वारशाचा मान दिला. आपले धनगर अजून प्रत्यक्ष चालत आहेत, आणि त्यांस मात्र दर वर्षी नव्या कुंपणांना वळसा घालावा लागतो.

मेंढपाळांचा मुलूख म्हटल्यावर खाणेही मेंढराचेच. 'अरोस्तिचिनी' नावाचे मांसाचे लहान चौकोनी तुकडे काडीला ओवून एका अरुंद, पन्हळीसारख्या शेगडीवर भाजतात. मीठ एवढाच मसाला. आम्ही ते खाल्ले. सौभाग्यवती शाकाहारी असल्यामुळे त्यांनी लसणीची फोडणी दिलेली रानभाजी घेतली आणि 'ही तर आपली चाकवताची भाजी' असा निर्वाळा दिला. बरोबर नेलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी त्या दिवशी प्रथम उघडली.

ज्या शेतघरात आम्ही उतरलो होतो, तेथील मालकाची आई १९३६ साली जन्मलेली. नातीच्या इंग्रजीच्या आधारे बोलणे झाले. १९४३ च्या हिवाळ्यात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने या भागातील गावेच्या गावे सुरुंग लावून उडविली. गेस्सोपालेना हे त्यांतील एक. त्याचे भग्न अवशेष आजही टेकडीवर उभे आहेत. लोकांस घरांतून हाकलून दिले होते, जनावरे हाकून नेली होती, धान्य संपले होते. अशात पगडीवाले आणि बिनपगडीवाले सावळे सैनिक आले. बाईंनी सांगितले की, गावातील मुले हातात पत्र्याचे डबे घेऊन सैनिकांच्या भटारखान्यांभोवती उभी राहत. बोलणे समजत नसे, म्हणून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत. तो शब्द बाईंनी उच्चारला, हात पुढे करून, लहान मुलाच्या आवाजात: "मान्जारे, मान्जारे." त्यांस पातळ, गोल भाकरी मिळत असे, आणि कधी पिवळी आमटी, जी इतकी तिखट की खाताना रडू येई, पण कोणी डबा परत केला नाही.

त्या भटारखान्यात आमचे आजोबा होते असे आम्ही म्हणत नाही. लांगरी पुष्कळ होते, आणि बाईंस कोणाचेही नाव ठाऊक नव्हते. परंतु आजोबांची हाक ही केवळ गंमत नव्हती, हे आम्हांस त्या स्वयंपाकघरात कळले. आणखी एक गोष्ट तेव्हा आठवली. ताटात वाढून होईपर्यंत ते स्वतः कधी पानावर बसत नसत, आणि पंगतीत शेजारचे पोर असले तर त्याला पहिली भाकरी पडे. आजी यावरून त्यांस बोलत असे.

सांग्रोच्या मुखाजवळ, तोरिनो दि सांग्रो येथे टेकडीवर युद्धस्मशान आहे. आपल्या खडकीचे युद्धस्मशान ज्यांनी पाहिले आहे, त्यांस तेथील शिस्त, हिरवळ आणि एकसारखे दगड ओळखीचे वाटतील. दोन्हींची देखभाल एकाच आयोगाकडे आहे. ज्यांचे दहन झाले अशा पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे तेथे निराळ्या स्मारकावर कोरलेली आहेत. आम्ही ती सावकाश वाचली. नावे आपल्याच गावांतील हजेरीपटावरची वाटावीत अशी. समोर समुद्र होता.

१९४४ च्या मे महिन्यात कासिनोची फळी फुटली, रोम पडले, आणि आठवे डिव्हिजन तिबेर नदीच्या खोऱ्याने उंब्रियात शिरले. जूनअखेर पेरुजाच्या उत्तरेस दहाव्या डिव्हिजनने त्याची जागा घेतली. म्हणजे आजोबा उंब्रियात फार तर काही आठवडे असतील. आम्ही मात्र तेथे सर्वांत अधिक काळ रमलो.

पहिला अनुभव चांगला नव्हता. उंब्रियात पाव अळणी असतो. आम्ही पहिला घास घेतला आणि वाटले, भटारी मीठ घालण्यास विसरला. दुसऱ्या गावी तेच, तिसऱ्या गावी तेच. १५४० साली पोपने मिठावर कर वाढविला, पेरुजाच्या लोकांनी बंड केले, आणि तेव्हापासून त्यांनी पावात मीठ घालणे सोडले, अशी लोककथा येथे सांगतात. बंड झाले हे इतिहासास मान्य आहे. पावाची गोष्ट मात्र सगळे पंडित मानीत नाहीत. आम्हांस ती खरी वाटावी असे वाटते, कारण मिठावरून सरकारशी भांडलेला समाज आपल्याला परका नाही.

परंतु चौथ्या दिवशी एका खेड्यात 'तोर्ता अल तेस्तो' पुढ्यात आली आणि सगळा राग गेला. गव्हाचे पीठ, पाणी, चिमूटभर मीठ व सोडा. हाताने थापलेली बोटभर जाडीची गोल भाकर, आणि ती भाजावयाची एका तापलेल्या जड तव्यावर. तो तवा म्हणजे तेस्तो. पूर्वी तो माती व वाळूच्या खड्यांचा करीत, आता बिडाचा असतो. प्रथम तवा चुलीवर नीट तापवून, वर पिठाची चिमूट टाकून पाहतात; पीठ चटकन करपले तर तवा अधिक तापला, हळूहळू तांबूस झाले तर बरोबर. भाकर भाजली की उभी चिरून आत पालेभाजी भरतात. सौभाग्यवतींनी ती करणाऱ्या बाईचा हात धरून पीठ थापून दाखविले, आणि मग दोघी तव्यापाशी अर्धा तास उभ्या होत्या. एकीस मराठी येत नव्हते, दुसरीस इटालियन. कोणत्याही लांगऱ्याने हा तवा पाहिला असता तर त्यास दुभाषाची गरज लागली नसती.

कडधान्याच्या दुकानात आणखी एक नवल दिसले. तेथे 'चिचेर्किया' नावाचे एक कडधान्य मोठ्या कौतुकाने, लहान लहान पिशव्यांतून, चढ्या भावाने विकतात. हातात घेऊन पाहिले तर आपली लाख! विदर्भात जिला गरिबाची डाळ म्हणत, आणि अति सेवनाने पाय लुळे पडतात म्हणून जिच्यावर बंदी आली होती, तीच. दुष्काळात सर्व काही वाळले तरी ही येते, म्हणून त्या डोंगरांतही ती गरिबानेच जपली.

शेतकऱ्याच्या डोळ्यांस येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. 'किआनिना' नावाची पांढरीशुभ्र बैलांची जात या खोऱ्यात आहे. थोरला बैल दीड हजार किलोंहूनही जड भरतो आणि त्याचा वशिंडाचा भाग माणसाच्या डोक्याशी येतो. माणदेशच्या खिलार बैलाची चपळाई त्यास नाही. पण आपल्या खेड्यांतून आलेल्या शिपायांनी १९४४ साली नांगरास जुंपलेली ती जोडी पाहिली असेल तेव्हा क्षणभर चालणे थांबविले असेल, याविषयी आम्हांस संशय नाही. द्राक्षवेल मांडवावर न चढविता जिवंत झाडावर चढविण्याची जुनी पद्धतही येथे होती. आपण पानमळ्यात शेवरीवर नागवेल चढवितो, तसेच ते.

आणि जमिनीची व्यवस्था? 'मेज्जाद्रिया' या नावाने ती प्रसिद्ध होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मे-निम्मे. शिवाय सणावारी मालकाच्या घरी अंडी व कोंबडी पोहोचवावयाची. इटलीत १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी झाली. यशवंत घाडगे ज्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे, तो कुलाबा जिल्हा म्हणजे खोतीचा मुलूख. १९३३ साली त्याच जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी संप केला, तो सहा वर्षे चालला. आपला कूळकायदा १९४८ चा, आणि खोती नष्ट झाली ती १९४९ च्या कायद्याने. १९४४ साली त्या खोऱ्यातील शेतात समोरासमोर आलेले दोघे, शिपाई आणि शेतकरी, दोघांच्याही मुलखात निम्मे पीक दुसऱ्याच्या घरी जात होते.

१० जुलै १९४४ रोजी तिबेरच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या मराठा पलटणीच्या एका कंपनीने चढाई केली. नाईक घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकास मारले, आणि गोळ्यांची पेटी बदलण्यास अवसर नाही असे पाहून उरलेल्या दोघांस बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. नंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते त्याच जागी मरण पावले. वय बावीस. माणगावी तहसील कचेरीपुढे त्यांचा पुतळा आहे. मोन्तोने येथील स्मारक मात्र निराळे आहे: ते सूर्यघड्याळ आहे. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. गाव टेकडीवर, तटबंदीच्या आत, गल्ल्या एवढ्या अरुंद की दोन माणसे अंग चोरून जावीत. आम्ही दुपारी पोहोचलो. सूर्यघड्याळाची सावली हलताना दिसत नाही. थोडा वेळ बसलो, तेव्हा ती सरकलेली दिसली.

या खोऱ्यातील आणखी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. १४४१ साली पोपने सान्सेपोल्क्रो हे गाव फ्लॉरेन्सला विकले. करारात सीमा म्हणून 'रिओ' नावाचा ओढा लिहिला. परंतु त्या नावाचे ओढे निघाले दोन! एका पक्षाने एक धरला, दुसऱ्याने दुसरा, आणि मधली कोस्पाइया नावाची वाडी कोणाचीच राहिली नाही. लोकांनी तेथल्या तेथे स्वतंत्र राज्य पुकारले, आणि राजा नाही, कर नाही, सैन्य नाही अशा स्थितीत ते १८२६ पर्यंत चालले. करमुक्त तंबाखू पिकवून ती वाडी गबर झाली. त्या भागात आजही तंबाखू होतो, आणि तो वाळविण्याच्या जुन्या वखारी पाहून आम्हांस निपाणी आठवली. सीमेवरच्या एका शब्दाने गावांचे काय होते, हे निपाणीकरांस आम्ही काय सांगावे!

रोमान्याविषयी थोडक्यात सांगतो. मुलूख सपाट, पीचच्या बागा, कालवे, आणि सेन्यो नावाची अरुंद नदी. तिच्या दोन्ही बाजूंस पुराकरिता घातलेले मातीचे उंच बांध. १९४४-४५ चा सगळा हिवाळा या बांधांच्या एका बाजूस जर्मन आणि दुसऱ्या बाजूस दोस्त सैन्य असे बसून होते. आजोबांचे शेवटचे महिने येथे गेले. ९ एप्रिल १९४५ रोजी पहिल्या मराठा पलटणीने नदी ओलांडली. शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्या होते. त्यांनी दोन जखमी सोबत्यांस, एकामागून एक, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवरून परत आणले. मग एकट्याने मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या, आणि हातास जखम असताना बांधावर उभे राहून मराठ्यांच्या रणघोषाने उरलेल्यांस पलीकडे बोलाविले. ते नगर जिल्ह्यातील निमजचे. पुण्यातच १९८४ साली त्यांचे निधन झाले. या शहरात ते आपल्यामध्ये होते, आणि आम्ही त्यांस एकदाही भेटावयास गेलो नाही. आजोबांस ते ठाऊक असलेच पाहिजेत, हे तेव्हा आमच्या ध्यानातही आले नाही.

२०२३ च्या मे महिन्यात याच नद्या बांध फोडून लुगो व आसपासच्या गावांत शिरल्या होत्या. वर्षानंतरही भिंतींवर पाण्याची रेघ दिसत होती. १९६१ चे पानशेत ज्यांनी पाहिले, त्यांस ती रेघ कशी असते हे सांगावयास नको. एका घरात आम्हांस 'पियादिना' वाढली. ही रोमान्याची पोळी. पातळ, गोल, तव्यावर भाजलेली. २०१४ साली युरोपीय संघाने तिच्या नावास संरक्षण दिले, म्हणजे दुसऱ्या प्रदेशाने ते वापरू नये. आब्रुत्सोतील आजीबाईंनी वर्णन केलेली पातळ, गोल भाकरी आमच्या मनात होतीच. घरधनिणीने विचारले, आवडली का? सौभाग्यवती म्हणाल्या, "सांगा त्यांना, ही आमच्याकडे रोज होते, फक्त आम्ही तिचे नाव राखून ठेवले नाही."

फोर्लि या गावी हिंदी सैन्याचे स्वतंत्र युद्धस्मशान आहे आणि त्यात दहन झालेल्या सुमारे आठशे जणांचे स्मारक. आम्ही तेथे शेवटच्या दिवशी गेलो. नावांपुढे हुद्दे कोरलेले असतात. शिपाई, नाईक, हवालदार अशा रांगा आहेत. आम्ही त्यांत आणखी एक हुद्दा शोधीत होतो. असे हुद्देही इटलीतील स्मशानांत इतरांच्याच रांगेत, त्याच आकाराच्या अक्षरांत कोरलेले आहेत. युद्धस्मशानाच्या आयोगाने हा भेद केला नाही. तो आमच्या घरात झाला.

परतल्यावर आत्याबाईंस तेस्तोचे छायाचित्र दाखविले. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "अण्णा असाच जाड तवा आणा म्हणून लोहाराच्या मागे लागले होते. कोणी मनावर घेतले नाही." तो तवा त्यांनी उंब्रियात पाहिला होता की पलटणीचाच होता, हे आता कोणास विचारणार?

चिटणीसांस आमची एक विनंती आहे, आणि त्यांनी ती मान्य केली आहे. यंदाच्या स्मरणिकेत हे भाषण छापावयाचे झाल्यास त्यासोबत आजोबांचे तेच जुने छायाचित्र पुन्हा छापावे. खालचा मजकूर आम्ही नव्याने लिहून दिला आहे. त्यात नाव, गाव, पलटण आणि 'लांगरी, इटली, १९४३ ते १९४५' एवढेच आहे.